बीपी-शुगरचे पेशंट तारखेवर कसे आणायचे? छोट्या दवाखान्यातली आखीव देखभाल

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला सिडकोत जनरल प्रॅक्टिसचा दवाखाना आहे. रोज साठ-सत्तर पेशंट, त्यातले वीसेक बीपी-शुगरचे. मदतीला एक सिस्टर आणि रिसेप्शनला एक मुलगी. पेशंट गोळ्या संपल्या की येतात, नाहीतर येतच नाहीत. 'प्लॅन्ड केअर', 'टीम केअर' हे शब्द सीएमईला (डॉक्टरांच्या प्रशिक्षणाच्या कार्यक्रमाला) ऐकले, पण एवढ्याशा जागेत ते बसवायचं कसं? सॉफ्टवेअर घ्यावं का? खर्च कसा निघेल?

उत्तर:

सॉफ्टवेअरचं आधी सांगतो: नको. निदान पहिले सहा महिने तरी नको. ज्या दवाखान्यात यादीच नाही तिथे सॉफ्टवेअर म्हणजे महागडी वही.

तुमची अडचण वेगळी आहे, डॉक्टर. आपले दवाखाने दारात येईल त्याच्यावर चालतात. ताप, जुलाब, खोकला यांना ते चालतं, कारण दुखणंच पेशंटला उचलून घेऊन येतं. बीपी दुखत नाही. १६०/१०० घेऊन माणूस अंबडच्या कारखान्यात पाळी करतो, येताना भाजी घेतो, रात्री झोपतो. त्याला दवाखान्यात यायचं काही कारणच नाही. म्हणून या आजारात जो आला त्याच्याइतकाच, किंबहुना जास्तच, जो आला नाही तो तुमचा पेशंट. आणि तो कोण हे ओपीडीत बसून कळत नाही, ते यादीवरूनच कळतं.

हे काही नवं शास्त्र नाही. अमेरिकेत सिएटलच्या डॉक्टर एड वॅगनर यांनी १९९० च्या दशकात जे 'क्रॉनिक केअर मॉडेल' मांडलं त्याचं सार एवढंच की एका बाजूला माहीतगार पेशंट हवा आणि दुसऱ्या बाजूला तयारीत बसलेली टीम. इंग्लंडने २००४ पासून जीपींच्या (तिथल्या फॅमिली डॉक्टरांच्या) मानधनाचा एक भाग यादीतल्या किती जणांचं बीपी-शुगर ताब्यात आहे याला बांधला. आपल्याकडे २०१७ मध्ये सरकारी केंद्रांतून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता. तिथेही गाभा तोच: नोंदणी, सगळ्यांना एकच साधा औषधक्रम, आणि जो आला नाही त्याला शोधणं. खासगी दवाखान्यात यातलं काहीही अशक्य नाही.

यादी कशी करायची? जुने केसपेपर उपसत बसू नका, दोन दिवसांत कंटाळा येईल. उद्यापासून दोन महिने चिठ्ठीवर बीपीची किंवा शुगरची गोळी लिहिली गेली की रिसेप्शनवरच्या मुलीने त्या माणसाची एक ओळ वहीत टाकायची. नाव, वय, राहण्याचा भाग, आजार, आजचं बीपी, शेवटची एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) आणि तिची तारीख, आणि दोन मोबाइल नंबर. दुसरा नंबर मुलाचा, सुनेचा किंवा लेकीचा. रिचार्जच्या ऑफरवर सिम बदलणारे खूप असतात, एकाच नंबरावर विसंबलात तर वर्षभरात यादी मुकी होते. गोळ्यांसाठी महिन्या-दोन महिन्यांनी येणारे बहुतेक लोक यात आपोआप सापडतात.

आता हिशोब. समजा तीनशे नावं झाली. प्रत्येकाच्या वर्षाला चार भेटी धरल्या तर १,२०० भेटी. आठवड्यातल्या दोन दुपारी यासाठी राखल्या तर वर्षाकाठी साधारण शंभर बैठका, म्हणजे बैठकीला बारा जण. बारा जणांना आठ-आठ मिनिटं दिली तर तुमची ९६ मिनिटं. मंगळवार-शुक्रवार दुपारी तीन ते पाच, जेव्हा तसाही दवाखाना थंड असतो. 'वेळ कुठून काढू' या प्रश्नाचं उत्तर कागदावर एवढंच आहे. आज हेच पेशंट संध्याकाळच्या गर्दीत दीड-दीड मिनिटात 'तेच चालू ठेवा' म्हणून जातात, आणि तीच भेट सगळ्यात वाया जाते.

अर्थात सगळ्यांना सारख्या भेटी नकोत. बीपी १६०/१०० च्या वर, एचबीएवनसी ९ च्या वर, इन्सुलिनवर असलेले, पायाला पूर्वी जखम झालेले, ईजीएफआर (किडनी किती काम करते तो आकडा) ४५ च्या खाली गेलेले, नुकतेच हॉस्पिटलमधून सुटलेले हे लाल. त्यांना दोन ते चार आठवड्यांनी बोलवा. आकडा थोडा वर असलेले पिवळे. ताब्यात येईपर्यंत महिन्याने. आकडा लक्ष्याच्या आत असलेले हिरवे. तीन महिन्यांनी, आणि त्यातली एकाआड एक भेट मुख्यतः सिस्टरकडे, तुम्ही फक्त त्या पेशंटचं नोंदींचं कार्ड (दवाखान्यात राहणारं, प्रत्येकाचं एक) बघून चिठ्ठीवर सही करायची.

कार्ड कुठे ठेवायचं? स्टेशनरीच्या दुकानात बारा कप्प्यांची फाइल मिळते. कप्प्यांवर महिन्यांची नावं घाला. पेशंट तपासून गेला की त्याचं कार्ड पुढच्या भेटीच्या महिन्याच्या कप्प्यात जातं. तो आला की कार्ड तिथून निघतं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्या कप्प्यात जी कार्डं उरली ते तुमचे न आलेले पेशंट. कोणताही फिल्टर लावायचा नाही, पासवर्ड नाही, वीज गेली तरी चालतं. नंतर यादी पाचशेच्या पुढे गेली की एक्सेल घ्या.

दुसरा नियम: रिपोर्ट आधी, भेट नंतर. भेटीच्या आठवडाभर आधी फोन करून लॅबला जायला सांगायचं. पेशंट रिपोर्टशिवाय आला की तुमच्या हातात फक्त त्या दिवशीची उपाशीपोटीची शुगर असते, आणि तिच्यासाठी त्याने दोन दिवस भात सोडलेला असतो. एचबीएवनसी आकडा हलत असेल तर तीन महिन्यांनी, स्थिर असेल तर सहा महिन्यांनी. वर्षातून एकदा क्रिएटिनीन आणि ईजीएफआर, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनीन गुणोत्तर, लिपिड, ईसीजी, बाहुली मोठी करून डोळ्याच्या पडद्याची तपासणी, पायांची पूर्ण तपासणी. शुगरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल आणि पायाला मुंग्या येत असतील तर बी-१२ बघा, सगळ्या मुंग्या शुगरच्या नसतात. एचबीएवनसीवरही आंधळा विश्वास नको. लोहाच्या कमतरतेच्या रक्तक्षयात ती खोटी जास्त दिसते. पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी पेशंटमध्ये सिकलसेल असेल तर ती फसवते. हिमोग्लोबिन ८ असलेल्या बाईची एचबीएवनसी बघून गोळी वाढवू नका, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर जुळते का ते पाहा.

आता सिस्टरचं टेबल. खरं काम इथेच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पेशंट जिना चढून आला की लगेच दंडाला पट्टा गुंडाळायचा नाही. आधी लघवीला जाऊन येऊ द्या. पाठ टेकेल अशी खुर्ची, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही, पाच मिनिटं शांत. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झाली असेल तर थांबा. हात टेबलावर, पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला. आणि एक गोष्ट जी कुठल्याच तक्त्यात नसते: ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून त्याखाली पट्टा बांधला तर ती बाहीच दोरीसारखी आवळते आणि आकडा बिघडतो. बाही सैल नसेल तर पातळ कापडावरून घेतलेलं परवडलं. दंडाचा घेर टेपने एकदा मोजून कार्डावर लिहा. साधा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेरापर्यंत. त्याच्या वरच्या दंडाला मोठा पट्टा लागतो, नाहीतर बीपी खोटं जास्त येतं आणि तुम्ही नसलेल्या बीपीला गोळी देता. मोठा पट्टा नसलेला दवाखाना हे कारण मी तरी ऐकून घेत नाही. त्याची किंमत किती असते ते बघा. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, दोन्ही आकडे लिहायचे, आणि मोजताना गप्पा बंद. पहिल्या भेटीत दोन्ही हात. साठीच्या पुढच्यांचं आणि जुन्या शुगरवाल्यांचं उभं करून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० ने उतरला तर गोळी वाढवायच्या आधी विचार करा, नाहीतर पहाटे बाथरूमला जाताना पडून खुबा मोडेल.

कार्डावर ओळीने १४०/९०, १३०/८०, १२०/८० असे गोल आकडे दिसायला लागले तर समजा, मोजणं थांबलंय आणि लिहिणं चालू आहे.

मग औषधांची पिशवी. भेटीला येताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायच्या, ही अट पहिल्या फोनपासून घाला. सिस्टरने पिशवी टेबलावर रिकामी करायची. त्यात काय निघतं बघा. तुमची बीपीची अ‍ॅम्लोडिपिन आणि कंपनीच्या डॉक्टरने दिलेली दुसऱ्या ब्रँडची अ‍ॅम्लोडिपिन, दोन्ही रोज चालू. मेटफॉर्मिनची वेगळी गोळी, आणि ग्लिमेपिराइडच्या (शुगर झपकन उतरवणाऱ्या औषधाच्या) जोडगोळीतही मेटफॉर्मिन. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक, जी बीपी चढवते आणि किडनीला त्रास देते. बिनलेबलची 'संधिवाताची पुडी', जिच्यात स्टेरॉइड असल्याचा संशय घ्यायलाच हवा, विशेषतः ताब्यातली शुगर अचानक सुटली असेल तर.

मग मोजणी. ३० गोळ्या दिल्या, आज २८ दिवस झाले, म्हणजे २ उरायला हव्यात. उरल्यात ११. नऊ दिवसांच्या गोळ्या पोटात गेलेल्याच नाहीत. बीपी १५६/९४ आहे. अशा वेळी डोस वाढवला तर काय होईल? तो काही दिवस नीट घेईल, चक्कर येईल, आणि मग सगळंच सोडेल. 'गोळ्या वेळेवर घेता ना?' असं विचारलं तर नाशिक जिल्ह्यातला एकही माणूस नाही म्हणणार नाही. 'काका, मागच्या आठवड्यात किती गोळ्या राहून गेल्या?' असं विचारा, राहतात हे गृहीत धरूनच. मग कारण बाहेर येतं: अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजले, मेटफॉर्मिनने पोट गुरगुरलं, पाण्याच्या (लघवी वाढवणाऱ्या) गोळीने पाळीवर सारखं उठावं लागलं, किंवा पगार व्हायचा होता. या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे आणि एकाचाही उपाय 'डोस वाढवा' हा नाही.

शेवटी पाय. चप्पल, मोजे काढून, बोटांच्या बेचक्यातसुद्धा. पायाची जाणीव बघायला १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (नायलॉनचा बारीक तंतू) आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, पावलावरची आणि घोट्यामागची नाडी. सिस्टरला हे शिकवायला एक दुपार पुरते. शुगरच्या पेशंटने दवाखान्यात येऊन चप्पल न काढता परत जाणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

सिस्टर काय करू शकत नाही हेही भिंतीवर लिहून ठेवा: ती औषध बदलणार नाही, डोस बदलणार नाही. पण बीपी १८०/११० च्या वर, शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर, छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं, एक हात जड, पायाला नवी जखम यातलं काही दिसलं तर ती रांग मोडून तुमच्या केबिनमध्ये येईल, आणि तुम्ही तिच्यावर चिडणार नाही. दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची. एकदा चिडलात की पुढच्या वेळी ती थांबते.

तुमच्या आठ मिनिटांत कार्ड भरलेलं समोर असतं. बीपीसाठी औषधक्रम एकच ठरवा आणि तो काचेखाली ठेवा. उदाहरणार्थ अ‍ॅम्लोडिपिन ५. महिन्याने आकडा वरच असेल तर टेल्मिसार्टन ४० जोडा. मग दोन्हींचे डोस. मग क्लोरथॅलिडोन १२.५. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनीन आणि पोटॅशियम. क्रिएटिनीन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर घाबरून बंद करू नका, त्यापुढे गेलं तर थांबून कारण शोधा. मूल होण्याच्या वयातल्या बाईला टेल्मिसार्टन देण्याआधी गरोदरपणाचं विचारलंच पाहिजे. मेटफॉर्मिन ईजीएफआर ४५ च्या खाली निम्मी, ३० च्या खाली बंद. लघवीत अल्ब्युमिन जात असेल किंवा हृदय कमजोर असेल तर एसजीएलटी-२ गटातलं औषध (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारं) लवकर आणा. डॅपाग्लिफ्लोझिन आणि आता एम्पाग्लिफ्लोझिन यांचं पेटंट संपल्यामुळे ही औषधं सामान्य घराच्या आवाक्यात आली आहेत. चाळिशीपुढच्या शुगरवाल्याला स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) दिलंय का तेही बघा, सगळ्यात जास्त विसरलं जाणारं औषध तेच.

आपल्या बाजूची मोठी चूक म्हणजे आकडा तोच आणि चिठ्ठीही तीच. पेशंट गोळ्या नीट घेतोय, बीपी तीन भेटी १५० वर आहे, आणि आपण 'जरा मीठ कमी करा' म्हणून पाठवतो. नियम करा: सलग दोन भेटी आकडा लक्ष्याच्या वर असेल आणि औषध बदललं नसेल तर का नाही ते कार्डावर एका ओळीत लिहायचं. 'गोळ्या चुकतात', 'उभं राहिल्यावर बीपी उतरतं', 'घरचे आकडे चांगले आहेत' ही कारणं चालतात. रिकामी ओळ चालत नाही, आणि ती ओळ सिस्टरने तपासायची. घरचे आकडे म्हणजे सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजून, पहिला दिवस सोडून काढलेली सरासरी. ती १३५/८५ च्या आत हवी. एखाद-दुसरा चांगला आकडा दाखवला तर तो धरायचा नाही.

लक्ष्य माणूस बघून ठरवा. पन्नाशीच्या माणसाला एचबीएवनसी ७ च्या आत. एकट्या राहणाऱ्या, किडनी अधू झालेल्या ऐंशीच्या आजींना ८ सुद्धा चालेल. त्यांना ग्लिमेपिराइड देऊन ६.५ आणून दाखवणं हे यश नाही, ती पहाटेच्या बेशुद्धीची तयारी आहे.

पेशंटला घरी न्यायला एक कार्ड द्या, मराठीत, मोठ्या अक्षरात. नमुना:

माझं बीपी आज: १४८/९०. हवं: १३०/८० च्या आत.
माझी तीन महिन्यांची शुगर: ८.४. हवी: ७ च्या आत.
मी ठरवलेली एक गोष्ट: रात्रीच्या जेवणानंतर २० मिनिटं चालणं.
घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी: तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा शुगर तपासणी, मग जेवण.
उलट्या-जुलाब, जेवण बंद: गोळ्या परस्पर चालू ठेवू नका, त्याच दिवशी फोन.
पुढची लॅब: ... पुढची भेट: ...

'एक गोष्ट' म्हणजे एकच, आणि ती पेशंटने सांगितलेली. साखर, भात, बटाटा, मीठ, तेल, तंबाखू, चालणं असे सात उपदेश एका दमात केले की तो मान हलवतो आणि जिना उतरताना सातही विसरतो. उलट्या-जुलाबाच्या दिवसाची ओळ मात्र वाचून दाखवा, कारण मेटफॉर्मिन, एसजीएलटी-२, टेल्मिसार्टन आणि पाण्याची गोळी अंगातलं पाणी कमी झालेलं असताना चालू राहिली तर किडनी धोक्यात येते. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही.

नाशिकचं वेळापत्रक वेगळं आहे, ते कार्डात आलं नाही तर योजना कागदावर राहते. सातपूर-अंबडच्या पाळीवाल्या माणसाला 'सकाळी नाश्त्यानंतर' लिहून उपयोग नाही, त्याची सकाळ दर आठवड्याला सरकते. 'उठल्यानंतरच्या पहिल्या जेवणाबरोबर' असं लिहा. निफाड-दिंडोरीकडून येणारे द्राक्षबागायतदार एप्रिलच्या खरड छाटणीत, ऑक्टोबरच्या छाटणीत आणि मग जानेवारी-मार्चच्या काढणीत सापडत नाहीत. त्यांची वार्षिक तपासणी आषाढ-श्रावणात उरका आणि काढणीआधी जास्त दिवसांच्या गोळ्या द्या. तेव्हा बागेत मजुरीला उतरलेल्या पेठ-सुरगाण्याच्या कुटुंबांना मोजक्या दिवसांसाठी भेटता, म्हणून त्यांच्या हातात औषधांची नावं लिहिलेलं कार्ड पाहिजेच. गावी परतल्यावर आरोग्य उपकेंद्रात तेच दाखवता येतं.

उपवास. संकष्टीला माणूस चंद्रोदयापर्यंत उपाशी, आणि सकाळी सवयीने ग्लिमेपिराइड घेतलेली. दुपारी चारला शुगर ५५. उलट एकादशीला दिवसभर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, खजूर, आणि दुसऱ्या दिवशी शुगर ३२०. दोन्ही टोकं एकाच 'उपवास' शब्दात आहेत, म्हणून 'तुमचा उपवास कसा असतो?' हे विचारल्याशिवाय सल्ला देता येत नाही. कडक उपवासाच्या दिवशी ग्लिमेपिराइड कधी आणि किती हे कार्डावर तुम्ही स्वतः लिहून द्या. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर. भगर आणि दही-काकडी हे साबुदाण्यापेक्षा बरं, पण भगरही धान्यच आहे, वाटीने मोजूनच. रमजान धरणाऱ्यांना महिनाभर आधी बोलवा. बोटातून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही असं बहुतेक धर्मगुरू सांगतात, आणि शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा हे आधीच बोलून ठेवा.

आणि अनवाणी चालणं. नवरात्रात आणि चैत्रात वणीच्या गडाची पायी वारी, श्रावणात तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरी फेरी. पायाची जाणीव गेलेल्या माणसाला डांबराचा चटका कळत नाही, खडा रुतलेला कळत नाही, आठवड्याने मोज्याला लागलेला डाग दिसतो तेव्हा कळतं. यादीतून मोनोफिलामेंट न जाणवणारी नावं आधीच काढा आणि वारीच्या पंधरा दिवस आधी फोन करा. 'जाऊ नका' म्हणालात तर तुम्हाला न सांगता जातील. आधी वापरून सैल झालेले बूट, सुती मोजे, रोज रात्री पायाच्या तळव्याखाली आरसा धरून बघणं, आणि नवस अनवाणीचाच असेल तर तो देवळाच्या फरशीवर फेडणं, यावर बहुतेक जण तयार होतात.

इन्सुलिनवाल्यांसाठी एकच गोष्ट इथे सांगतो, कारण तिच्याने जीव जाऊ शकतो. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिट प्रति मिली असतं, त्याची सिरिंज लाल टोपीची. १०० युनिटवाल्याची सिरिंज नारिंगी टोपीची, आणि पेनमधलं इन्सुलिनही १०० चं. घरात पेनमधलं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने ओढलं तर २० च्या खुणेवर ५० युनिट जातात. अडीचपट. मेडिकलवाल्याने 'हीच आहे, चालेल' म्हणून दुसरी सिरिंज दिली की हे घडतं. दर भेटीला बाटली आणि सिरिंज दोन्ही टेबलावर. त्याबरोबरच टोचण्याची जागा हाताने चाचपा. गाठ असेल तर तिथलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, आणि जागा बदलल्यावर शुगर एकदम उतरू शकते, म्हणून डोसवर लक्ष ठेवा.

फोन रिसेप्शनवरच्या मुलीने करायचे, तेही ठरलेल्या वेळी, रोज दुपारी वीस मिनिटं. दोन दिवस आधी आठवण, न आल्यास दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग घरच्या दुसऱ्या नंबरावर. भाषा ठरवून द्या: 'मावशी, दवाखान्यातून बोलतेय. मंगळवारी तुमची वाट बघितली, बरं आहे ना? या शुक्रवारी जमेल का?' 'तुम्ही आला नाहीत' ही तक्रार नको. आणि फोन दुसऱ्याने उचलला तर आजाराचं नाव घ्यायचं नाही. सून किंवा शेजारीण यांना शुगर आहे हे सांगायचा अधिकार पेशंटचा. स्थिर पेशंट बाहेरगावी असेल तर सहा महिन्यांत प्रत्यक्ष तपासलेलं असल्यास त्याच आजारासाठी फोनवरून पुढचा सल्ला देण्याची मुभा २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी दिलेली आहे. कार्डावर नोंद करायला विसरू नका.

टीममधले बाकीचे कायम पगारावर लागत नाहीत. आहारतज्ज्ञ महिन्यातून दोन दुपारी, दहा-दहा जणांचा गट. तिला 'सॅलड खा' हा सल्ला बंद करायला सांगा. ज्वारी-बाजरी चालते म्हणून चार भाकरी खाणारे, दोन पावांच्या मिसळीला 'कडधान्य आहे' म्हणणारे, यांच्याशी ताटातल्या भाषेत बोलायला हवं. मिठाचा हिशोब पुडीवर सांगा: दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या हिशोबाने चार माणसांत एक किलोची पुडी पन्नास दिवस पुरायला हवी. तीस दिवसांत संपते? मग माणशी आठ ग्रॅमच्या वर गेलात, आणि त्यात पापड, लोणचं, चिवडा धरलेलाच नाही. बायका हे लगेच पकडतात, कारण पुडी कधी आणली ते त्यांना पाठ असतं. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याशी एकदा बसून बोला: ब्रँड बदलला तर चिठ्ठीवर लिहावं, आणि बीपीच्या पेशंटला परस्पर दुखण्याची गोळी देऊ नये.

खर्च. नमुन्याचा हिशोब, आकडे तुमच्या भागाप्रमाणे बदला: तीनशे जणांकडून वर्षाची देखभाल फी १,२०० रुपये, म्हणजे ३,६०,०००. सिस्टरचे जादा तास महिना ६,०००, म्हणजे ७२,०००. आहारतज्ज्ञ दुपारी १,५०० प्रमाणे २४ दुपारी, ३६,०००. फोन, कार्डं, स्ट्रिप्स, पट्टे ३०,०००. तुमच्याकडे २,२२,००० उरतात, म्हणजे शंभर दुपारींत दुपारी सव्वादोन हजारांच्या आसपास. वार्षिक फी आधी घेतली की पेशंट तारीख पाळतो असाही फायदा आहे, पण ज्यांना जमत नाही त्यांना तिमाही भरू द्या. लॅबकडून सवलत घ्या आणि ती सगळी पेशंटला द्या. ती आपल्या खिशात गेली तर कट प्रॅक्टिस झाली, आणि मग प्रत्येक तपासणी पेशंटला संशयास्पद वाटते, ते बरोबरही असतं.

दर महिन्याला चार आकडे काढा: यादीत किती, गेल्या तीन महिन्यांत किती आले, कितींचं बीपी १४०/९० च्या आत, कितींची एचबीएवनसी ठरवलेल्या लक्ष्यात. भागताना नेहमी पूर्ण यादीने भागा, आलेल्यांनी नाही. न आलेला माणूस ताब्यात नाही असंच धरायचं. पहिल्यांदा आकडा लाजिरवाणा येईल. येऊ द्या.

कुठे मोडतं ते सांगून थांबतो. एक, सगळे तीनशे एकदम सुरू केले तर तिसऱ्या आठवड्यात सिस्टर थकते आणि बीपी पुन्हा गोल आकड्यांत येतं. दोन, सिस्टर नोकरी सोडते आणि सगळं तिच्या डोक्यातच होतं. म्हणून टेबलावरचा क्रम लॅमिनेट करून भिंतीवर लावा आणि रिसेप्शनवरच्या मुलीलाही बीपी घ्यायला शिकवा. तीन, ऑगस्ट ते ऑक्टोबर डेंग्यू-चिकुनगुन्याची लाट आली की मंगळवारची दुपार तापाचे पेशंट खाऊन टाकतात. त्या तीन महिन्यांत हिरव्यांना फोनवर घ्या, बैठकीला फक्त लाल-पिवळे सहा-सात जण बोलवा, पण बैठक रद्द करू नका. दोनदा रद्द झाली की पेशंटला कळतं, ही तारीख खरी नाही.

सुरुवात तीस लाल नावांनी करा. पहिल्या मंगळवारी सहाच जणांना बोलवा, एकेकाला सिस्टरकडे वीस मिनिटं द्या, आणि दवाखाना बंद करताना तुम्ही तिघं दहा मिनिटं बसून बघा की कोणत्या पायरीवर रांग अडली. बहुतेक वेळा ती पिशवी उघडण्यावर अडते, कारण चौघांनी पिशवी आणलेलीच नसते. मग पुढच्या फोनमध्ये पिशवीचं वाक्य सगळ्यात आधी घ्या.